नऊची शाळा, सहाची शाळा

वाचकांचे प्रश्न, काकूंची उत्तरं

या महिन्यातल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त शाळांबद्दलची आहेत. दरवर्षी फेब्रुवारी सरत आला की हेच होतं. अपार्टमेंटची लीज संपायला येते, घरं बघणं सुरू होतं आणि पाचवीतल्या मुलांच्या आयांची झोप उडते. म्हणून या वेळी दुसरा विषय घेतलेला नाही. लोणच्यावर बुरशी आलेल्या बाईंनी पुढच्या अंकापर्यंत धीर धरावा, आणि तोवर ते लोणचं कुणाला वाढू नये.

प्रश्न

नमस्कार काकू,
आम्ही चार वर्षं न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये भाड्यानं राहतोय. मुलगी पाचवीत आहे, सप्टेंबरमध्ये सहावीत, म्हणजे मिडल स्कूलला जाईल. लीज ३० जूनला संपते आणि यंदा घर घ्यायचंच असं ठरलंय. दोन घरं मनात भरलीत. दोन्ही एडिसनमध्येच, पण शाळांच्या हद्दी वेगळ्या. एक टाउनहाउस, ऐंशी हजार डॉलरनी महाग. त्याच्या शाळेला वेबसाइटवर दहापैकी नऊ. दुसरं जुनं सुटं घर, मागे अंगण, सासूबाईंसाठी तळमजल्यावर खोली. त्या शाळेला सहा. रिअल्टर, म्हणजे घरांचा एजंट, म्हणतो, "तुम्ही इंडियन लोक फिरून फिरून शेवटी नऊच घेता." नवरा म्हणतो, एकाच डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे एकाच शाळा मंडळाखालच्या शाळा, फरक असून असून किती असणार? मी रात्री एकेक वाजेपर्यंत आकडे बघत बसते. आठवीच्या गणिताचा निकाल तर दोन्हीकडे इतका वाईट दिसतो की हीच का ती अमेरिकेतली नावाजलेली शाळा, असं वाटतं. काय करू?
एक आई, एडिसन

उत्तर

तू माझ्या धाकटीच्या वयाची दिसतेस, म्हणून तू म्हणते.

आधी रिअल्टरचं. त्यानं तसं बोलायला नको होतं. कोण कुठल्या देशातून आलंय हे बघून त्याला अमुक वस्तीकडे वळवणं १९६८च्या फेअर हाउसिंग कायद्यात बसत नाही. कसलेला रिअल्टर शाळांचं नाव काढलं की "डिस्ट्रिक्टला फोन करा" म्हणून मोकळा होतो. पण वाक्य खोटं नाही, हे आपण आपल्यात कबूल करू. ओक ट्री रोडवरच्या आपल्या दुकानांत मेथीच्या जुड्या निवडताना मी 'नऊ' आणि 'सहा' इतक्या वेळा ऐकलंय की मला ते भाजीचे भाव वाटायला लागलेत.

आता एडिसन. तिथे चार सरकारी मिडल स्कूल आहेत, चारही सहावी ते आठवीच्या, चारही राष्ट्राध्यक्षांच्या नावांच्या: जॉन अ‍ॅडम्स, वुड्रो विल्सन, हर्बर्ट हूवर आणि थॉमस जेफरसन. अ‍ॅडम्स आणि विल्सनमधली मुलं नववीला जे. पी. स्टीव्हन्स हायस्कूलला जातात, हूवर आणि जेफरसनमधली एडिसन हायस्कूलला. म्हणजे घराबरोबर तू तीन नाही, सात वर्षांची शाळा घेतेस. (अ‍ॅडम्स आणि जेफरसन आधी मित्र होते, मग वैरी झाले, म्हातारपणी पुन्हा पत्रं लिहायला लागले आणि दोघंही ४ जुलै १८२६ या एकाच दिवशी वारले. विषयाशी संबंध नाही, पण मला आवडतं.)

या चारही शाळांवर बोर्ड एक, अभ्यासक्रम एक, शिक्षकांच्या पगाराचा तक्ता एक. टाउनशिप एकच, म्हणून घरपट्टीचा दरसुद्धा एकच. तुझा नवरा म्हणतो त्यात इतकं खरं आहे. मग नऊ आणि सहा होतात कशानं? मुख्यतः शाळेभोवती कोण राहतं त्यानं. १९६६ साली जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञानं सरकारसाठी सहा लाखांवर मुलांची पाहणी केली होती. इमारती, प्रयोगशाळा, पुस्तकं यांच्यापेक्षा मुलाच्या घरचं वातावरण आणि वर्गातली इतर मुलं यांचा निकालाशी जास्त संबंध दिसला. तेव्हा मोठा गदारोळ झाला, पण तो निष्कर्ष अजून कुणी उचलून फेकून दिलेला नाही. ज्या वस्तीत दोन्ही पालक इंजिनिअर आणि शनिवारी गणिताची शिकवणी, तिथल्या शाळेला गुण मिळणारच. ते गुण शाळेचे किती आणि शनिवारच्या शिकवणीचे किती, हे त्या एका आकड्यावरून कुणाला सांगता येईल?

म्हणून गुणांच्या शेजारचा दुसरा आकडा बघ. न्यू जर्सीचं शिक्षण खातं दर शाळेचा परफॉर्मन्स रिपोर्ट काढतं, तो फुकट आहे आणि घरं विकणाऱ्या साइटपेक्षा कितीतरी कामाचा. त्यात 'ग्रोथ' नावाचं पान असतं. तिथे तुझ्या मुलीची तुलना सगळ्या मुलांशी होत नाही, राज्यभरातल्या ज्या मुलांना आधीच्या वर्षी तिच्याइतकेच गुण होते फक्त त्यांच्याशी होते. त्यांच्यातल्या शेकडा किती जणांच्या ती यंदा पुढे आली, तो तिचा पर्सेंटाइल. शाळेतल्या सगळ्या मुलांचे असे पर्सेंटाइल ओळीनं लावून मधला घेतला की तो शाळेचा. पन्नास म्हणजे राज्याच्या मधोमध. साधारण चाळीस ते साठ हे नेहमीचं. स्टॅनफर्डचे शॉन रिअर्डन यांनी देशभरच्या डिस्ट्रिक्टांवर असंच काम केलं, तेव्हा शिकागोनं सगळ्यांना चकित केलं. सरासरी गुण कमी, पण तिसरी ते आठवी या पाच वर्षांत मुलं सहा वर्षांइतकी पुढे सरकलेली. साध्या रेटिंगमध्ये ते शहर कुणाच्या नजरेत भरलं नसतं. तेव्हा तुझ्या सहावाल्या शाळेचा ग्रोथचा आकडा काढ. एका वर्षाचा नको, दोन-तीन वर्षांचा. २०२० आणि २०२१ला वसंतातल्या परीक्षा झाल्याच नाहीत, म्हणून त्या सुमाराचे रकाने रिकामे दिसतील, घाबरू नकोस.

आता तुझ्या पत्रातली सगळ्यात चांगली ओळ: आठवीच्या गणिताचा निकाल दोन्हीकडे वाईट. मी सव्वीस वर्षं मिडल स्कूलला गणित शिकवलं, आणि हा प्रश्न मला दर वर्षी एक तरी आई विचारायची. गोम अशी आहे की आठवीत जी मुलं आल्जिब्रा वन (बीजगणिताचा पहिला कोर्स, एरवी नववीतला) घेतात ती आठवीच्या गणिताची परीक्षा देतच नाहीत. ती आल्जिब्राची परीक्षा देतात आणि त्यांचे गुण आल्जिब्राच्या ओळीत जातात. 'ग्रेड ८ मॅथ' या ओळीत उरतात ती बाकीची. म्हणजे आपल्याकडे अ तुकडीला बाहेर काढून उरलेल्या तुकड्यांचा निकाल 'शाळेचा निकाल' म्हणून फळ्यावर लिहावा, तसं. जी शाळा जास्त मुलांना आल्जिब्रात घेते तिची ही ओळ जास्त पडते!

कागद-पेन्सिल घे. आकडे माझ्या मनातले आहेत, कुठल्याही खऱ्या शाळेचे नाहीत. दोन शाळा, दोन्हींत आठवीला ३०० मुलं. पहिलीनं १५० जणांना आल्जिब्राला बसवलं, त्यातले १२० पास, म्हणजे ८० टक्के. उरलेल्या १५०पैकी साध्या गणितात ४५ पास, म्हणजे ३० टक्के. दुसरी शाळा जपून चालणारी. तिनं आल्जिब्राला फक्त ६० जण बसवले, ५४ पास: ९० टक्के. उरलेले २४०, त्यातले १०८ पास: ४५ टक्के. दोन्ही ओळींत दुसरी शाळा पुढे, बरोबर? आता बेरीज कर. पहिलीत ३००पैकी १६५ पास, दुसरीत १६२. पहिली पुढे गेली. शिवाय आल्जिब्रा पार करून नववीला जाणारी मुलं पहिलीत १२० आणि दुसरीत ५४. मी हे उदाहरण एकदा बॅक टू स्कूल नाइटला, म्हणजे पालकांना शाळेत बोलावतात त्या संध्याकाळी, फळ्यावर मांडलं होतं. मागच्या बाकावरचे एक बाबा, व्यवसायानं अ‍ॅक्चुअरी, म्हणजे विम्याच्या जोखमीचे हिशेब करणारे, उठून पुढे आले आणि बेरीज तपासून परत गेले.

तेव्हा दोन्ही शाळांच्या रिपोर्टात आल्जिब्रा वनला *किती मुलं* बसली ते बघ. टक्का नंतर. आठवीत एकूण मुलं किती, त्यांच्यापैकी किती आल्जिब्रात, हा भागाकार तुझ्या नऊ आणि सहापेक्षा जास्त सांगेल.

मग फोन. शाळेच्या गायडन्स ऑफिसला, म्हणजे जिथे काउन्सेलर बसतात तिथे (प्रिन्सिपलला नको, त्या गोड बोलून वेबसाइटचा पत्ता देतील) विचार: सहावीत गणिताच्या पातळ्या किती? कोण कुठे हे कशावरून ठरतं: परीक्षा, शिक्षकांचं मत, की दोन्ही? आणि सगळ्यात महत्त्वाचं, सहावीत खालच्या पातळीवर असलेलं मूल सातवीत वर चढू शकतं का, आणि गेल्या वर्षी खरोखर किती चढली? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं छापील असतात. तिसऱ्याला समोरची व्यक्ती थांबली तर ते थांबणं हेच उत्तर. कित्येक डिस्ट्रिक्टांत हे वर्गीकरण पाचवीच्या शेवटीच होतं. म्हणजे तुझ्या मुलीच्या बाबतीत ते कदाचित येत्या दोन-तीन महिन्यांत, तिच्या आत्ताच्या शाळेत होईल, आणि तू मात्र रात्री एक वाजता भलतीच पानं चाळत बसली आहेस. उद्या तिच्या शिक्षिकेला मेल कर.

हे इतकं ताणून सांगण्याचं कारण, आठवीत आल्जिब्रा झालं तर पुढचा जिना सरळ लागतो: नववी भूमिती, दहावी आल्जिब्रा टू, अकरावी प्रीकॅल्क्युलस, बारावी कॅल्क्युलस. नववीत आल्जिब्रा सुरू केलं तरी कॅल्क्युलसपर्यंत पोचता येतं, एका वर्षी दोन विषय जोडून किंवा उन्हाळ्यात एक उरकून. माझे कितीतरी विद्यार्थी तसे गेले. पण आधी कुणी सांगितलं तर ते ठरवून होतं, नाहीतर दहावीत धावाधाव. आणि एका शाळेतल्या दोन पातळ्यांमधला फरक हा त्या गावातल्या दोन शाळांमधल्या फरकापेक्षा मोठा असतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. एकाच कॉरिडॉरमध्ये, समोरासमोरच्या दोन वर्गांत.

आता आमची कथा. १९९६ साली आम्हीही घर घेतलं, असंच, चांगल्या शाळेच्या हद्दीत म्हणून जास्त पैसे मोजून. गावाचं नाव सांगत नाही. दोन वर्षांत पलीकडे नवीन घरं उठली, शाळा भरून गेली, बोर्डानं हद्दी पुन्हा आखल्या आणि रेघ आमच्या रस्त्याच्या मधून गेली. समोरचे 'चांगल्या' शाळेत, आम्ही 'दुसऱ्या'. मी स्वतः शिक्षिका, आणि तीन महिने तोंड पाडून बसले होते. ह्यांनी बोर्डाच्या सभेत माइकसमोर तीन मिनिटं भाषण केलं, त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. मुलगा दुसऱ्या शाळेत गेला, तिथे त्याला ट्रॉम्बोन वाजवायला लावणारा एक बँड टीचर भेटला आणि आमच्या घराची शांतता गेली ती गेलीच. नववीत तो आणि समोरच्यांचा मुलगा एकाच गणिताच्या वर्गात, शेजारच्या बाकांवर. समोरच्या बाई अजून मला भेटल्या की हसतात. हद्दीची रेघ कायमची नसते, म्हणून शाळेसाठी घर घेताना ती रेघ पंधरा वर्षं तिथेच राहणार असं गृहीत धरू नकोस. आणि कुठलीही सही करण्याआधी त्या नेमक्या पत्त्याची शाळा डिस्ट्रिक्टच्या ऑफिसकडून लेखी घे, जाहिरातीवरून नको.

पैशांचंही बघू. ऐंशी हजार डॉलर, तीस वर्षं, समजा साडेसहा टक्के: महिन्याला पाचशेच्या आसपास. त्यात एका मुलीचा पोहण्याचा क्लास, एक वाद्य आणि वर्षाआड भारताचं एक तिकीट येतं. शिवाय एक बारीक मुद्दा, जो जानेवारीत मोठा होतो. आपल्या राज्यात आठवीपर्यंतच्या मुलांना शाळा दोन मैलांहून लांब असेल तरच बस देणं डिस्ट्रिक्टला बंधनकारक आहे. दीड मैलावरचं घर म्हणजे रोज चालणं, नाहीतर सकाळी तुझी गाडी. दोन्ही घरांचं अंतर मोज.

तू मला थेट विचारलंयस म्हणून थेट सांगते. सहावाल्या शाळेचा ग्रोथ पन्नासच्या आसपास असेल आणि त्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बरं आलं, तर मी अंगणवालं घर घेईन. सासूबाईंना जिना चढावा लागणार नाही, हे कुठल्याच रेटिंगमध्ये येत नाही. पण ग्रोथ सलग दोन-तीन वर्षं चाळिशीच्या खाली असेल, तर मात्र नवऱ्याचं ऐकू नकोस.

प्रश्न

काकू, आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये दोन मिडल स्कूल आहेत. रिपोर्टमध्ये एकीत गुंडगिरीच्या तक्रारी दुसरीच्या तिप्पट दिसतात. शिवाय 'सतत गैरहजर' मुलांचा टक्काही तिथेच जास्त. मुलगा थोडा बुजरा आहे. ही शाळा टाळावी ना?
एक काळजीत पडलेली आई

उत्तर

घाई करू नका. २०११ साली न्यू जर्सीनं गुंडगिरीविरुद्ध जो कायदा केला तो देशातल्या कडक कायद्यांपैकी आहे. प्रत्येक शाळेत त्यासाठी नेमलेली व्यक्ती असावी लागते, तक्रार आली की शाळेच्या एका दिवसात चौकशी सुरू आणि दहा दिवसांत संपवावी लागते, आणि शाळेनं स्वतःला दिलेला गुणांक तिच्या वेबसाइटच्या पहिल्या पानावर लावावा लागतो. आता विचार करा, तक्रारी कुठे जास्त नोंदल्या जातील? जिथे मुलं जास्त मारामाऱ्या करतात तिथे, किंवा जिथे मुलांना सांगायची सोय आहे आणि मोठी माणसं लिहून घेतात तिथे. नुसता आकडा या दोन्हींत फरक करत नाही. ज्या शाळेत आठशे मुलं आणि वर्षभरात एकही नोंद नाही, अशी शाळा मला जास्त संशयास्पद वाटते. बारा-तेरा वर्षांची आठशे मुलं मी पाहिली आहेत हो.

त्याऐवजी किती चौकशा झाल्या आणि त्यांतल्या किती खऱ्या ठरल्या, हे दोन्ही आकडे विचारा. आणि एका दुपारी शाळा सुटताना पलीकडच्या फुटपाथवर उभ्या राहा. शिक्षक दारात उभे असतात का, मुलांची नावं त्यांना माहीत असतात का, एकटं चालणारं मूल कसं चालतं. वीस मिनिटांत बरंच कळतं.

गैरहजेरीचं म्हणाल तर गंमत आहे. शाळेचे दहा टक्के किंवा जास्त दिवस बुडाले की मूल त्या यादीत जातं. १८० दिवसांत १८. डिसेंबरमध्ये मावशीचं लग्न म्हणून पुण्याला जायचं, सुट्टीला लागून आधी एक आठवडा आणि नंतर दीड, मग फेब्रुवारीत फ्लू, की झाली अठरा. तुम्ही ज्या शाळेला नाक मुरडताय, तिथला तो टक्का आपल्याच लोकांनी वाढवलेला असू शकतो. मी वर्गात जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात रिकामे बाक मोजायचे. कुठल्या घरी लग्न होतं ते सगळं माहीत असायचं.

प्रश्न

नमस्कार. कंपनी जूनमध्ये मला न्यू जर्सीला पाठवते आहे. मुलाची सहावी पुण्यात एप्रिलमध्ये संपेल. ज्या दोन शाळा बघतोय त्यांपैकी एकीत 'इंग्लिश लर्नर' मुलं बरीच आहेत आणि त्यांचा निकाल फारच खाली आहे. आमचा मुलगा इंग्लिश मीडियमचा, त्याला त्या गटात टाकतील का? अर्जात मातृभाषा इंग्रजी लिहिली तर चालेल का?
एक बाबा, पुणे

उत्तर

चालणार नाही, आणि लिहूही नका. घरी मराठी बोलता ना? मग मराठी. प्रवेशाच्या वेळी घरच्या भाषेबद्दल काही प्रश्न विचारतात. उत्तरांवरून वाटलं तर मुलाची इंग्रजीची छोटी चाचणी घेतात: ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं. इंग्लिश मीडियमचा मुलगा ती बहुधा सहज पार करेल. नाही केली, तर त्याला रोज थोडा वेळ जास्तीची मदत मिळेल, फुकट. ती नको असेल तर पालकांना लेखी नाही म्हणता येतं, पण मी म्हणेन सहा महिने घ्या. आपल्या मुलांना व्याकरण येतं. अडतं ते वर्गात पटकन हात वर करून बोलताना, आणि सोशल स्टडीजच्या धड्यात, जिथे 'न्यू डील' (मंदीच्या काळातला सरकारी कार्यक्रम) काय आणि 'रिझर्व्हेशन' (इथल्या मूळ रहिवाशांसाठी राखलेली जमीन) काय, एकेका शब्दामागे शंभर वर्षं उभी असतात.

त्या गटाचा निकाल खाली असतो तो व्याख्येनंच. मुलाला इंग्रजी पुरेसं आलं की तो गटातून बाहेर पडतो. त्यामुळे आत कायम तीच मुलं, ज्यांना अजून आलेलं नाही. दवाखान्यातल्या खाटांवर सगळे आजारीच दिसतात, त्यावरून डॉक्टर वाईट ठरत नाही. वर्षाला किती मुलं या गटातून बाहेर पडली, तो आकडा विचारा.

वयाप्रमाणे तो सप्टेंबरमध्ये बहुतेक सातवीत बसेल. निघण्याआधी लसींचा कागद डॉक्टरांच्या सहीनं, इंग्रजीत आणि तारखांसकट घ्या. सहावीपासून इथे टीडॅप (धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकल्याची) आणि मेनिन्जायटिसची लस लागते, आणि ती नसली तर मूल दारातून परत येतं. शाळांची तुलना राहते बाजूला.

प्रश्न

सौ. काकूंना सप्रेम नमस्कार. मी साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलो आहे. निवृत्त मुख्याध्यापक आहे. नातू सहावीत आहे. त्याला वर्गशिक्षक नाहीत! दर पाऊण तासाला घंटा होते आणि शिक्षकांऐवजी मुलेच एका वर्गातून दुसऱ्या वर्गात पळतात. मुलगा-सून कामावर. नातवाबद्दल विचारायचे झाल्यास मी कुणाला भेटावे? आणि ही कसली पद्धत?
एक आजोबा

उत्तर

सर, आपल्याला नमस्कार. मी मिरजेच्या शाळेत शिकले, तिथे वर्ग आमचा आणि शिक्षक पाहुणे असायचे. इथे उलट. वर्ग शिक्षकाचा, मुलं पाहुणी. १९८७ साली आल्यावर मलाही रेल्वे स्टेशनात नोकरी लागल्यासारखं वाटलं होतं.

पद्धत फार जुनी नाही. आधी इथे 'ज्युनिअर हाय' असायची, हायस्कूलची धाकटी आवृत्ती. १९०९मध्ये ओहायोतल्या कोलंबस गावी पहिली निघाली. साठच्या दशकात विल्यम अलेक्झांडर यांच्यासारख्यांनी म्हटलं की अकरा-बारा वर्षांच्या मुलाला ही घाई सोसत नाही, त्याला वेगळी शाळा हवी. त्यातून मिडल स्कूल आली. चांगल्या मिडल स्कूलमध्ये शंभरएक मुलांचा एक गट आणि त्यांना शिकवणारे चार-पाच शिक्षक ठरलेले असतात. ते शिक्षक आठवड्यात एक-दोनदा एकत्र बसून मुलांबद्दल बोलतात. त्याला टीम म्हणतात. ती टीम खरोखर बसते की फक्त वेळापत्रकात असते, हे विचारायला आपल्यासारखा मुख्याध्यापकच हवा.

भेटायचं ते काउन्सेलरला. वर्गशिक्षकाचं अर्धं काम तोच करतो. पण आजोबांना ते परस्पर काही सांगणार नाहीत, कायद्यानं बंदी आहे. मुलाकडून किंवा सुनेकडून लेखी परवानगी पाठवा, मग खुशाल वेळ घ्या. सोबत नातवाची वही न्या. ते लोक संगणकावर गुण दाखवतील, आपण अक्षर दाखवा.

आणि एक काम घरी करा. सहावीतल्या मुलांचं पहिलं रडू गणितामुळे येत नाही, लॉकरच्या कुलुपामुळे येतं. आकड्यांचं गोल कुलूप, आधी उजवीकडे, मग एक पूर्ण फेरा घेऊन डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे, आणि दोन तासिकांच्या मध्ये मिळणाऱ्या तीन-चार मिनिटांत हे जमवायचं. तसलंच एक कुलूप दुकानातून आणा आणि रोज संध्याकाळी घड्याळ लावून दोघं उघडून बघा. आपल्यालाही पहिल्या दिवशी जमणार नाही.